कपडे काय आणू म्हणतोस ना

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं, गावातल्या दवाखान्यात पोस्टिंग झाली वाचून खूप आनंद झाला, आणि कपड्यांचं विचारलंस ते फार बरं केलंस कारण मला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

फुल बाह्यांचे शर्ट घरीच राहू दे, हाफ आण, पाच-सहा तरी. बाही लांब असली की हात मनगटापर्यंतच धुतले जातात. अंगठी, दोरा सगळं काढून ठेवायचं, पल्स मोजायला सेकंद काट्याचं घड्याळ लागतंच पण ते खिशाला अडकव. ब्रिटनमध्ये 2007 साली याच कारणासाठी कोपराखाली हात उघडे ठेवायचं धोरण आलं.

कापडाचं म्हणशील तर प्युअर कॉटन अंगाला छान, घाम टिपतं, पण पावसात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि तसंच दमट घालून फिरलं की जांघेत गजकर्ण होतं. म्हणून कॉटन-पॉलिस्टर मिक्स घे, रात्री पिळून टाकलं की सकाळी बरंचसं वाळलेलं असतं. नुसतं पॉलिस्टर नको, स्टोव्हपाशी पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं रे. रंग गडद घे, डाग दिसत नाहीत असं सगळे सांगतील, मला ते अजिबात पटत नाही. डाग दिसलाच पाहिजे, नाहीतर एका पेशंटचं रक्त अंगावर घेऊन आपण दुसऱ्याच्या बाळाला हात लावतो आणि कळतही नाही. फिका निळा बेस्ट.

आता चपलेचं, हे नीट वाच. एका रात्री डिलिव्हरी चालू होती, लाइट गेलेली, मी सँडलवर, पाणमोट फुटली आणि सगळं पाणी रक्तासकट माझ्या पायाच्या बोटांत शिरलं, टाचेला भेग होती ती झोंबायला लागली, आणि मूल अजून बाहेर यायचं होतं त्यामुळे जागचा हलूही शकत नव्हतो. टॉर्चच्या उजेडात खाली बघितलं तर पायापासून वीतभर अंतरावर सुई पडलेली. नंतर कित्येक दिवस ती सुई डोळ्यांसमोरून जात नव्हती. तेव्हापासून लेबर रूममध्ये गमबूट आणि लांब प्लास्टिक एप्रन, आणि ओपीडीत पूर्ण बंद बूट, भोकं असलेले रबरी क्लॉग्ज नकोतच. रात्री व्हिजिटला चिखलातून, गवतातून जायचं असेल तरी गमबूटच, साप चावतो तो बहुतेक पायालाच.

रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात, ग्लोव्हज घालून. गरम पाण्यात टाकलास तर पक्का बसतो. ड्यूटीचे कपडे घरच्यांच्या कपड्यांत मिसळू नकोस, आणि एक पूर्ण जोड, बनियन-मोज्यांसकट, कायम दवाखान्यातच ठेव.

बूट संध्याकाळी घे, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात तेव्हाचं माप खरं. निघायच्या आधी कळव.

तुझाच