दुधाच्या दातांची तपासणी लसीकरणाच्या दिवशीच व्हावी

माननीय संपादक,

माझा नातू दीड वर्षाचा असताना त्याच्या वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे दिसू लागले. आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी, आणि त्यांत एक डॉक्टरही होते, हेच सांगितले की दुधाचे दात पडायचेच असतात, त्यांची इतकी काळजी कशाला? तिसऱ्या वर्षापर्यंत ते पट्टे तपकिरी झाले, दात कडांनी तुटू लागले आणि अखेर दोन दात काढावे लागले. घास चावताना तो रडत असे, ते आठवले की आजही जीव कासावीस होतो.

बाळ दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपत असे, आणि त्या दुधात साखर आम्हीच घालत होतो. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दूध आणि साखर दातांवर तशीच राहते व तोंडातले जंतू तिचे आम्ल करतात, हे आम्हांला फार उशिरा कळले. खालच्या दातांना जिभेचा आणि लाळेचा आडोसा मिळतो, म्हणून कीड आधी वरच्या दातांना लागते. पांढरा पट्टा ही तिची पहिली खूण असते आणि त्याच वेळी फ्लोराइडचा लेप व नीट स्वच्छता मिळाली, तर ती बहुधा तिथेच थांबवता येते. ती वेळ आमच्या हातून गेली. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात, हे लक्षात घेतले तर ‘पडणारच आहेत’ या समजुतीने मुलांचे किती नुकसान होते ते समजेल.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाला दंतवैद्यांना दाखवावे, असे बालदंततज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे एवढ्या लहान बाळाला कोणी तिकडे नेत नाही. पण गोवर-रुबेलाच्या लसीसाठी नवव्या महिन्यानंतर बाळ आरोग्य केंद्रात येतेच. त्याच वेळी परिचारिकेने बाळाचा वरचा ओठ उचलून पाहिले, रात्रीच्या बाटलीबद्दल आईला विचारले आणि पाहिलेले लसीच्या कार्डावर नोंदवले, तर दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. संशय आल्यास जवळच्या दंतवैद्यांकडे किंवा बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात पाठवता येईल. गोव्याच्या दोन टोकांच्या पेडण्याहून किंवा काणकोणहून बांबोळीला जाऊन येण्यात रोजंदारीवरच्या आईचा पूर्ण दिवस मोडतो, म्हणून ही पहिली पाहणी गावातच होणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

अंगणवाडी सेविकांनाही याचे प्रशिक्षण द्यावे. दात येण्यापूर्वी ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसाव्यात, पहिला दात दिसताच तांदळाच्या दाण्याएवढ्या फ्लोराइडयुक्त पेस्टने सकाळी व झोपण्यापूर्वी घासावे, गुळाची तिझण (नाचणीची गोड पेज) भरवल्यावर पाणी पाजावे आणि चोखणीला मध लावू नये, एवढे त्यांनी सांगितले तर आया ऐकतील, कारण त्या सेविका त्यांच्या ओळखीच्या असतात.

आरोग्य खात्याने निदान एका तालुक्यात हा प्रयोग सुरू करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक आजी, डिचोली