गोचीड नखाने चिरडू नका

संपादक महोदय,

पोळ्याच्या तयारीत नागपूरजवळच्या आमच्या गावी पुतण्या बैलाच्या कानामागचे टम्म फुगलेले गोचीड उपटून नखाने चिरडत होता. बोटं रक्ताने माखलेली. माझ्या काळजात चर्र झालं. क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप गोचीड चावल्याने होतो, तसा असा चिरडल्यानेही होऊ शकतो. गुजरातेत २०११ साली त्याने बळी घेतले. लागण झालेलं जनावर मात्र धडधाकट दिसतं! माणसात या तापाचा विषाणू प्रतिकारशक्तीच्या पेशींवरच घाला घालतो. दगावणाऱ्या अनेकांच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयारच होत नाहीत. म्हणून सुरुवातीला प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त राहू नये, थेट विषाणूच शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी करावी. पोळ्याआधी गावोगावी हातमोजे, चिमटे वाटावेत, ही पशुसंवर्धन विभागाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर