पाण्यात उतरवली म्हणून बोटीच्या ट्रॉलीची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

सोलापूर
दिनांक : ५ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बोट वाहून नेण्याच्या ट्रॉलीतील दोष, महामार्गावर झालेला बिघाड आणि वॉरंटी नाकारणारा आपला ईमेल.

महोदय,

आपल्या २४ एप्रिलच्या ईमेलमध्ये कामाचे वाक्य एकच आहे : "सदर ट्रॉलीचे हब पाण्यात बुडवल्याचे आढळून आल्याने वॉरंटी लागू होत नाही." हब म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्यात बेरिंग बसते. हे वाक्य मी घरी, कारखान्यात आणि आमच्या फिशिंगच्या ग्रुपमध्ये वाचून दाखवले. सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण ती ट्रॉली ओढणाऱ्या गाडीत माझा पुतण्या आणि त्याची दोन मुले बसली होती.

बिलावर तुम्हीच 'बोट ट्रेलर, १४ फूट' असे छापले आहे. ट्रॉली रिव्हर्समध्ये पाण्यात न्यायची, बोट तरंगू लागली की पट्टा सोडायचा आणि रिकामी ट्रॉली बाहेर काढायची, ही बोट उतरवण्याची जगभरची रीत आहे. चाके पाण्यात जाणारच. तुमच्या पुण्याच्या शोरूममध्ये भिंतीवर जो मोठा फोटो लावला आहे, त्यातली ट्रॉलीसुद्धा मडगार्डपर्यंत पाण्यात उभी आहे. त्या फोटोतल्या ट्रॉलीची वॉरंटी चालू आहे का, तेवढे कळवावे.

आता बिघाडाबद्दल. १३ एप्रिलच्या रविवारी आम्ही उजनीवरून परत निघालो होतो. टेंभुर्णी मागे पडली, मोडनिंब अजून यायचे होते. वेग साठच्या आत. एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन ओरडला, "ओ काका, मागच्या चाकातनं धूर येतोय!" गाडी बाजूला घेऊन पाहतो तर ट्रॉलीचे डावे चाक आत तिरके झाले होते, टायर मडगार्डला घासून एका बाजूने सोलला गेला होता, आणि मडगार्डची कड वर उचलून बोटीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बुडात शिरली होती. हबजवळ हात नेववत नव्हता. आणखी थोडे अंतर गेलो असतो तर चाक निघून हायवेवर सुटले असते. त्या रस्त्यावर रविवारी संध्याकाळी पंढरपूर-तुळजापूर करून परतणाऱ्यांच्या किती गाड्या असतात, हे तुम्हाला पुण्यात बसून कदाचित जाणवणार नाही.

मोडनिंबच्या मेकॅनिकने हब उघडला. हा माणूस हंगामभर उसाच्या ट्रॉल्यांची चाके उघडतो, त्यामुळे बेरिंग गेलेली त्याला नवी नाहीत. तरी आतले ग्रीस बघून तोही थबकला. दुधाच्या चहासारखे पांढुरके पातळ झाले होते, त्यात काळी रेती. आतल्या बेरिंगचा पिंजरा तुटून त्याचे तुकडे झाले होते, रोलर निळे पडले होते आणि आतली रिंग एक्सलच्या टोकाला चिकटून बसली होती. ती छिन्नीने फोडून काढावी लागली. उजवे चाक वरून ठीक दिसत होते, पण त्याही हबमध्ये पाणी होतेच. म्हणजे एक सुटे बेरिंग खराब निघाले, असे म्हणून सुटका होणार नाही.

माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. बेरिंग का जळते हे शिकायला मला दुसरीकडे जावे लागत नाही. तरी तुमच्या इंजिनिअरसाठी लिहितो. सोलापूरहून उजनीच्या काठापर्यंत नव्वदएक किलोमीटर धावून आलेला हब गरम असतो, आतली हवा फुगलेली असते. तसाच तो गार पाण्यात गेला की ती हवा आकसते आणि हब पाणी आत ओढू लागतो. मागचे सील चांगले असेल तर पाणी बाहेर थांबते. तुम्ही एका ओठाचे साधे सील बसवले आहे आणि पुढे ठोकून बसवायचे पत्र्याचे टोपण. शेतातल्या कोरड्या ट्रॉलीला ते पुरते. बोटीच्या ट्रॉलीला दुहेरी ओठाचे सील लागते, पाण्याने धुऊन न जाणारे मरीन ग्रीस लागते आणि स्प्रिंगची ग्रीस कॅप लागते, जी आतून थोडा दाब ठेवून पाण्याला आत शिरू देत नाही. या तिन्हींचा मिळून खर्च ट्रॉलीच्या किमतीपुढे काहीच नाही. ट्रॉलीसाठी मी ८६,००० रुपये मोजले आहेत.

उतरवण्याआधी हब निवू द्यावा, लाइटचा प्लग काढून ठेवावा म्हणजे तापलेले बल्ब पाण्यात तडकत नाहीत, एवढी साधी गोष्टसुद्धा तुमच्या पुस्तिकेत नाही. आम्ही हे सगळे करतो, पण ते आम्हाला दुसऱ्या बोटवाल्यांनी सांगितले. तुमच्या पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर काय आहे ते पाहा : "माल ओतण्यापूर्वी मागचा फाळका उघडावा." बोटीच्या ट्रॉलीला फाळका! कुठल्या तरी टिपिंग ट्रॉलीची पुस्तिका उचलून वर बोटीचे चित्र चिकटवले आहे. ग्रीस दर सहा महिन्यांनी बदलावे असे तीत लिहिले आहे. ट्रॉली घेतली नोव्हेंबरात, बेरिंग गेले एप्रिलात. तुमच्याच हिशोबाने ग्रीस बदलण्याची वेळसुद्धा आली नव्हती.

हब उघडला म्हणून बाकीचेही तपासले, आणि पुढे जे सापडले ते मला बेरिंगपेक्षा गंभीर वाटते.

ट्रॉलीबरोबर तुम्हीच दिलेल्या टो-बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे बसवायच्या गोळ्यावर, ५० मिमी कोरले आहे. त्या गोळ्यावर बसणाऱ्या ट्रॉलीच्या नाकावर, म्हणजे तुम्हीच बसवलेल्या कपलरवर, २ इंच, म्हणजे ५०.८ मिमी. फरक केसाएवढा वाटतो, पण कपलरने बॉलला खालून किती मिठी मारायची ते या फरकावरच ठरते. गतिरोधकावर कपलर खडखडतो तो यामुळे. आमच्याकडे हायवेच्या सर्व्हिस रोडवर गतिरोधकांना तोटा नाही. एखाद्या मोठ्या दणक्यात कपलर बॉलवरून उचलला गेला तर ट्रॉलीला धरून ठेवणार फक्त साखळी. ती तुम्ही एकच दिली आहे, इतकी लांब की सैल सोडली तर डांबराला लागते, आणि टोकाला उघडा एस-हुक, ज्याला पट्टी नाही. साखळ्या दोन हव्यात आणि कपलरखाली एकमेकींना छेदून लावता येतील अशा हव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर तो त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. हे मला सांगावे लागते आहे याचेच आश्चर्य वाटते.

वजनाचेही तसेच. बोट, इंजिन, पेट्रोलची टाकी, नांगर आणि बाकी सामान धरून ट्रॉलीसकट ४५० किलोच्या आसपास भरते. पाटीवर लिहिलेल्या क्षमतेच्या आतच आहे. त्यातले साधारण दहा टक्के वजन पुढे हिचवर, म्हणजे गाडीच्या जोडावर, यायला हवे. मार्केट यार्डातल्या एका मित्राच्या आडतीवर काट्यावर ट्रॉलीचे नाक टेकवून पाहिले, १४ किलो भरले. ४५ यायला हवे तिथे १४! याला कारण तुमचा विंचचा, म्हणजे बोट ट्रॉलीवर ओढून घेण्याच्या चरखीचा, खांब. तो तुम्ही चासीला वेल्ड करून टाकला आहे, पुढे सरकवता येत नाही. त्यामुळे बोटीची मागची फळी आधाराच्या लाकडांच्या बाहेर लोंबते आणि इंजिनाचे सगळे ओझे चाकांच्या मागे जाते. मागे जड झालेली ट्रॉली वेग वाढला की डोलू लागते, आणि डोलणे एकदा वाढले की ट्रॉली गाडीला घेऊन जाते. यू-बोल्ट लावून खांब सरकता ठेवला असता तर हा प्रश्न दहा मिनिटांत सुटला असता. वेल्डिंग स्वस्त पडते, हे मलाही कळते.

आमच्यासारखे हौशी लोक या सगळ्यात कुठे बसतात, तेही सांगतो. हिप्परग्याच्या तलावावर काठाने गळ टाकत आम्ही लहानाचे मोठे झालो. उजनीवर बोट नेणे ही पन्नाशीनंतरची चैन. पहाटे चारला निघायचे, ऊन चढायच्या आत पाण्यावर असायचे, कारण एप्रिलात दहानंतर इकडे पारा कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे. रोहू, कटला, कधी शिंगाळा. काहीच नाही तर चिलापी असतेच. खाण्यापुरते घ्यायचे, लहान सोडून द्यायचे. हिवाळ्यात तर मुलांना माशांपेक्षा पलीकडचे रोहित पक्षी बघण्यातच जास्त रस असतो. धरण उन्हाळ्यात मायनसमध्ये जाऊ लागले की पाणी काठापासून लांब सरकते आणि आपल्याला मिळतो तो काळ्या गाळाचा लांबच लांब उतार. इथे काँक्रीटचा रॅम्प नाही. ट्रॉली गाळातून आणि रेतीतून पाण्यात जाते, आणि तुमचे गिऱ्हाईक कोल्हापूरचे असो की नाशिकचे, आपल्याकडच्या बहुतेक धरणांवर तो असाच नेणार. ट्रॉली बनवताना तो उतार डोळ्यांसमोर हवा होता.

२१ मे २०२४ रोजी उजनीतच कुगाव आणि कळाशीच्या मधल्या पाण्यात वादळात बोट उलटून सहा जण गेले. त्यानंतर आमच्यात लाइफ जॅकेटशिवाय कोणी बोटीत पाय ठेवत नाही, वारा सुटायची चिन्हे दिसली की मासा लागो न लागो, बोट काठाला येते. पाण्यावरच्या धोक्याची काळजी आम्ही आमच्या परीने घेतो. रस्त्यावरच्या धोक्यासाठी आम्ही पैसे देऊन तुमच्यावर विश्वास टाकला होता.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॉली हेही वाहनच आहे. एमएच-१३ चा नंबर घेताना मी तुमचाच नमुना २२ आरटीओत दिला. सुटे भाग सुरक्षिततेच्या मानकांत बसतात आणि वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे, असे त्यावर तुमच्या सहीने लिहिलेले आहे. न जुळणारा बॉल आणि कपलर त्या सहीच्या वेळी कोणी पाहिले होते का? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये उत्पादकाची जबाबदारी सदोष बनावटीपुरती ठेवलेली नाही. वापराच्या पुरेशा सूचना न देणे आणि धोक्याचा इशारा न देणे हेही त्यात येते. तुमच्या फाळक्याच्या पुस्तिकेसाठी मला हे कलम फार सोयीचे वाटते. शिवाय याच कायद्याने मला पुण्याला खेटे घालायला लावलेले नाही. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

ते करण्याची मला हौस नाही. माझे म्हणणे असे आहे. दोन्ही हब, बेरिंगे, सील आणि डाव्या बाजूचा एक्सल बोटीसाठी योग्य अशा सामानाने बदलून द्यावा, एकाच मापाचा बॉल आणि कपलर, दोन साखळ्या आणि सरकता विंचचा खांब बसवून द्यावा. बोटीच्या बुडाचे अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग, नवा टायर, मोडनिंबची मजुरी आणि तिथून सोलापूरपर्यंत पिकअपचे भाडे मिळून १९,४०० रुपये झाले, ते परत करावेत. ट्रॉली मी पुण्याला आणून देणार नाही. या अवस्थेत ती रस्त्यावर काढणे मला मान्य नाही, तुमचा माणूस सोलापूरला यावा. जुना कपलर, तुटलेले बेरिंग आणि ग्रीसचा नमुना मेकॅनिकच्या सहीनिशी पिशवीत बांधून ठेवला आहे. तो पाहायला मिळेल, न्यायला मिळणार नाही.

पैशांपेक्षा निकडीची मागणी एक आहे. याच मॉडेलची ट्रॉली तुम्ही ज्यांना ज्यांना विकली, त्या प्रत्येकाला फोन करून बॉल आणि कपलरवरचे आकडे पाहायला सांगा, आणि ते जुळत नसतील तर बदलून मिळेपर्यंत ट्रॉली हायवेवर काढू नका, असे कळवा. गिऱ्हाइकांची यादी बिलबुकात आहे. हे काम माझ्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबवण्याचे कारण नाही. पावसाळ्याआधीचे हे शेवटचे रविवार आहेत, लोक बोटी घेऊन बाहेर पडणारच.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. "हब पाण्यात बुडवल्याचे आढळून आल्याने" हे वाक्य सोडून दुसरे काहीही चालेल.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व ट्रॉलीचा चासी क्रमांक सोबतच्या बिलावर)

सोबत : बिलाची व नमुना २२ ची प्रत, हब, कपलर व बॉलवरील आकड्यांचे फोटो, मेकॅनिकची व पिकअपची पावती, पुस्तिकेच्या पान ३ ची प्रत, आपला २४ एप्रिलचा ईमेल.