'पुढे' या एका शब्दात हरवलेले 1974

मा. संपादक,
स. न.

गोवा मुक्तिदिनानिमित्त आपल्या दैनिकात प्रसिद्ध झालेला लेख वाचला. 1955 चा सत्याग्रह आणि डिसेंबर 1961 मधील लष्करी कारवाई हा भाग लेखकाने सविस्तर मांडला आहे. शेवटी मात्र 'पुढे पोर्तुगालनेही भारताचे सार्वभौमत्व मान्य केले' एवढ्या वाक्यावर विषय आटोपता घेतला आहे. या 'पुढे'मध्ये तब्बल 13 वर्षे आणि पोर्तुगालच्या इतिहासातील 1974 हे विलक्षण वर्ष गडप झाले, म्हणून हा पत्रप्रपंच.

पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार 1968 मध्ये आजारपणामुळे सत्तेवरून दूर झाले, तरी त्यांची राजवट मार्सेलो काएतानो यांच्या हाती जवळपास तशीच चालू राहिली. 1951 मध्येच घटनादुरुस्ती करून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असे नाव देण्यात आले होते. त्यामुळे गोवा असो की अंगोला, त्यावरील हक्क सोडणे म्हणजे मायदेशाचा लचका तोडून देणे, अशी लिस्बनची अधिकृत भूमिका होती. 1961 पासून अंगोला, गिनी-बिसाऊ आणि मोझांबिक येथे एकामागून एक युद्धे पेटली आणि या छोट्या देशाची तरुण पिढी त्यांत खर्ची पडू लागली. राजवट उलथवली ती या युद्धांत पिचलेल्या कॅप्टन दर्जाच्या अधिकाऱ्यांनी. गंमत अशी, की त्यांच्या संघटनेचा उगम लोकशाहीच्या मागणीत नसून सेवाज्येष्ठतेच्या तक्रारीत होता. सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांना अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमानंतर कायम सेवेत घेण्याचा हुकूम 1973 मध्ये निघाला आणि जुने अधिकारी बिथरले. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही!

फेब्रुवारी 1974 मध्ये जनरल स्पिनोला यांनी, आफ्रिकेतील प्रश्न केवळ लष्करी बळावर सुटणार नाही, असे पुस्तक लिहून जाहीर केले. मार्चमध्ये त्यांची पदावरून उचलबांगडी झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी काल्दास-दा-राइन्या येथील तुकडीने केलेला उठाव फसला. 24 एप्रिलच्या रात्री 11 वाजण्याच्या सुमारास लिस्बनच्या एका नभोवाणी केंद्रावरून एक प्रेमगीत लागले. त्याच महिन्यात युरोपीय गीतस्पर्धेत अवघे 3 गुण मिळवून तळाला गेलेले ते गीत हा उठावाचा पहिला इशारा होता. मध्यरात्रीनंतर गायक झेका अफोन्सो यांचे ग्रांदोला गावावरचे गाणे वाजले आणि बराकींतून तुकड्या बाहेर पडल्या.

सांतारेमहून चिलखती गाड्या घेऊन निघालेले कॅप्टन साल्गेरो माया तेव्हा जेमतेम 29 वर्षांचे होते. काएतानो ज्या कार्मो बराकीत आश्रयाला गेले होते, तिच्यासमोरच्या चौकात माया हाती ध्वनिवर्धक घेऊन शरणागतीची मागणी करत उभे होते आणि भोवती नागरिकांची खच्चून गर्दी जमली होती. सत्ता रस्त्यावर पडू नये, आपण ती एखाद्या जनरलच्याच हाती सोपवू, असा आग्रह काएतानो यांनी अखेरच्या घटकेलाही सोडला नाही. त्यासाठी स्पिनोला यांना बोलावून घ्यावे लागले. त्याच दिवशी सेलेस्त काएरो नावाची एक उपाहारगृह कर्मचारी कार्नेशनची फुले घेऊन घरी चालली होती. एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. सिगारेट नसल्याने तिने फूल दिले आणि त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचले. या क्रांतीला पुष्कळदा रक्तहीन म्हटले जाते, ते मात्र पूर्ण खरे नाही. गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयातून जमावावर गोळीबार केला आणि त्यात चौघांचा बळी गेला.

लगोलग लिस्बनजवळच्या काशियास येथील तुरुंगाचे दरवाजे उघडून राजकीय कैदी बाहेर आले. गोवा मुक्तिसंग्रामातील मोहन रानडे याच तुरुंगात खितपत पडले होते. गोवा मुक्त झाल्यावरही त्यांना सुटकेसाठी 1969 च्या जानेवारीपर्यंत थांबावे लागले होते. हद्दपारीतून समाजवादी नेते मारियो सोआरेस रेल्वेने लिस्बनला परतले आणि परराष्ट्रमंत्री झाले. जुलैमध्ये वसाहतींचा स्वयंनिर्णयाचा हक्क कायद्याने मान्य करण्यात आला, सप्टेंबरमध्ये गिनी-बिसाऊला मान्यता मिळाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, घटनाक्रम हाताबाहेर गेल्याचे पाहून, स्पिनोला यांनी क्रांतीनंतर हाती आलेले राष्ट्राध्यक्षपद सोडले. पणजीत 1961 मध्ये सालाझार यांचा 'अखेरपर्यंत लढा' हा आदेश धुडकावून शरणागती पत्करणारे आणि त्यापायी लष्करातून बडतर्फ झालेले गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनाही क्रांतीनंतर त्यांचा हुद्दा परत देण्यात आला.

या सगळ्यानंतर, वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबर 1974 रोजी नवी दिल्लीत सोआरेस आणि आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या. गोवा मुक्त झाला तेव्हा यशवंतराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हा योगायोग मराठी वृत्तपत्राने तरी नोंदवायला हवा होता. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या ज्या तारखेला भारताचा भाग झाले, त्या त्या तारखेपासून पोर्तुगाल भारताचे सार्वभौमत्व मान्य करतो, असे त्या करारात नमूद आहे. म्हणजे मान्यता मिळाली ती 13 वर्षांनी, पण लागू झाली पूर्वलक्षी प्रभावाने. लेखातील 'पुढे' या शब्दातून नेमकी हीच मेख निसटते.

पुढील वर्षी हा लेख पुन्हा छापणार असाल, तर कृपया त्या एका वाक्यात 31 डिसेंबर 1974 ही तारीख तेवढी घालावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
फोंडा, गोवा