कपाटातल्या अर्धवट गोधड्यांविषयी

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण असे की, मागच्या रविवारी फोनवर बाबांनी सरळ विचारले, "त्या कपाटातल्या गोधड्या पुऱ्या कधी होणार?" आणि पाठोपाठ आईचा आवाज आला, "वरचे सगळे शिवून झाले म्हणतोस, मग घोडे अडले कुठे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांचे उत्तर लांबलचक आहे, आणि फोनवर आपले बोलणे औषधांवरून हवेवर आणि हवेवरून शेजाऱ्यांवर कधी जाते ते कळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तुकडे जोडून वरचा थर तयार झाला की गोधडी झाल्यासारखीच दिसते, आणि माझ्यासारखा हौशी माणूस नेमका तिथेच थांबतो. रंग निवडणे, कापड कापणे, चौकटीला चौकट जुळवणे या कामांत रोज काहीतरी नवे डोळ्यांसमोर येत असते. पुढच्या कामात तसे काही नसते. अस्तर केवढे घ्यायचे, मधला भर कोणता, टाके हाताने घालायचे की मशीनवर, नक्षी कोणती, गोट (तिन्ही थरांच्या कडा झाकणारी शेवटची पट्टी) कोणत्या रंगाचा, असे पाच-सहा निर्णय एकापाठोपाठ एक घ्यावे लागतात आणि त्यांतला एकही नंतर सहजासहजी फिरवता येत नाही. शिवाय पूर्ण गोधडी सपाट पसरता येईल एवढी मोकळी जमीन लागते, जी घरात एरवी कधीच मोकळी नसते. लोक याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही, कारण जो माणूस रात्री जागून शंभर तुकडे बिनचूक जोडतो, तो आळशी कसा असेल? त्याला फक्त पुढचा निर्णय टाळायचा असतो, आणि नवे कापड आणून नवी गोधडी सुरू करणे हा तो टाळण्याचा सर्वांत गोड उपाय आहे.

म्हणून यंदा नवे कापड बंद. कपाटातले सगळे बाहेर काढले, पलंगावर मांडले आणि सर्वांत सुंदर कोणते हे न पाहता सर्वांत पुढे गेलेले कोणते हे पाहून क्रम लावला. जिचा केवळ गोट राहिला आहे ती आधी, जिचे टाके निम्मे झाले आहेत ती तिच्यानंतर, आणि नुसत्या सुट्या चौकटी असलेली शेवटी. काही कामे मी सोडूनही दिली. आई, तुला हे रुचणार नाही, कारण हाती घेतलेले टाकू नये असा तुझा खाक्या आहे. पण ज्या रंगांकडे आता बघवत नाही त्यांच्यावर महिनोन् महिने टाके घालण्यात काय अर्थ आहे? त्या चौकटींच्या उशांच्या खोळी होतील, आणि उरलेल्यांवर मशीनच्या नक्षीचा सराव होईल. मला विचाराल तर एखादे काम जाणूनबुजून सोडून देणे हीसुद्धा ते निकाली काढण्याचीच एक रीत आहे.

बाबा, आता तुमच्याशी संबंध असलेली गोष्ट. षटकोनी तुकड्यांची ती गोधडी तुम्हाला आठवत असेल. त्या पद्धतीत प्रत्येक तुकडा कागदाच्या षटकोनावर दुमडून कच्च्या टाक्यांनी टाचतात आणि मग दोन तुकड्यांच्या कडा उलट्या बाजूने बारीक टाक्यांनी एकमेकींना जोडतात. कागदामुळे कोन नेमके बसतात. ते कागद मी तुमच्या रद्दीत निघालेल्या हिशेबाच्या वह्यांतून कापले होते. त्यामुळे गोधडी उलटी केली की कुठे तुमचा लांब शेपटीचा नऊ दिसतो, कुठे "येणे बाकी" मधली अर्धीच "बाकी", तर कुठे लाल शाईने खोडलेली बेरीज. इंग्लंडमध्ये रेशमी तुकड्यांचा एक पलंगपोस आहे, ज्याच्या तुकडेकामातच १७१८ हे साल जोडलेले आहे. त्याच्या आतले कागद अजून तसेच आहेत. जुन्या कामांचा काळ ठरवताना अशा कागदांचा अभ्यासकांना फार उपयोग होतो. हे वाचल्यावर आपलेही कागद तसेच राहू द्यावेत असा मोह मला बरेच दिवस होत होता आणि ती गोधडी रखडण्याचे खरे कारण तेच होते. परंतु कागद आत असलेली गोधडी ना धुता येते ना अंगावर घेता येते, आणि मला ती तुमच्या अंगावर हवी आहे. म्हणून कागद काढायला सुरुवात केली आहे. ज्या तुकड्याच्या सहाही बाजू जोडल्या गेल्या आहेत त्याचा टाचणदोरा ओढला की कागद अलगद सुटतो. सर्वांत बाहेरच्या रांगेतले कागद मात्र कडेची पट्टी लागेपर्यंत काढायचे नाहीत, कारण तिथली दुमड मोकळी झाली तर कडा ताणल्या जातात आणि आकार बिघडतो. निघालेल्यांपैकी ज्यांवर तुमचे अक्षर स्पष्ट आहे ते कागद पाकिटात वेगळे ठेवले आहेत.

कडेच्या पट्ट्यांचेही एक तंत्र आहे. लांब पट्टी घेऊन कडेने नुसती शिवत गेले की कापड थोडे थोडे ताणत जाते आणि शेवटी कड लाटेसारखी हलते. म्हणून गोधडीची लांबी मधोमध आणि दोन्ही बाजूंना अशी तीन ठिकाणी मोजायची, सरासरी काढायची, तेवढीच पट्टी कापायची आणि दोन्ही टोके व मध्य टाचणीने आधी पक्के करून मग शिवायचे. बाबा, हिशेबातल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही, पण शिवणाऱ्याला घाई असते.

यानंतर येते ते मला सर्वांत नावडते काम, म्हणजे तिन्ही थर एकत्र टाचणे. अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठे घ्यावे लागते, कारण टाके घालताना कापड आत ओढले जाते. अस्तराला जोड द्यायचा असेल तर कापडाची घट्ट विणीची किनार आधी कापून टाकायची. ती बाकीच्या कापडासारखी आटत नाही आणि धुतल्यावर तिथे चुण्या पडतात. मग अस्तर उलटे करून जमिनीवर चिकटपट्टीने बसवायचे, ताठ पण ताणलेले नाही असे. त्यावर भर पसरायचा, त्यावर वरचा थर, आणि मधून बाहेरच्या दिशेने दर मूठभर अंतरावर सेफ्टी पिन लावत जायचे. गुडघ्यांची काय अवस्था होते ते तुम्ही दोघांनी न विचारलेले बरे. पण या कामात कुचराई केली की अस्तराला मागून सुरकुती पडते आणि ती नेमकी सगळे टाके घालून झाल्यावरच दिसते.

भर कोणता, हा प्रश्न तुम्हा दोघांसाठी महत्त्वाचा आहे. सुती भर मऊ, सपाट आणि अंगाला बसणारा असतो. पहिल्या धुण्यात तो साधारण ३ ते ५ टक्के आटतो आणि त्यामुळे गोधडीवर त्या बारीक चुण्या येतात, ज्या मला फार आवडतात. पॉलिएस्टरचा भर आटत नाही, वजनाला हलका असतो आणि लवकर वाळतो, मात्र त्यातून हवा तितकी खेळत नाही. लोकरीचा भर उबदार असूनही जड नसतो. कोणताही भर घेतला तरी टाक्यांच्या ओळी एकमेकींपासून किती दूर चालतील हे त्याच्या वेष्टनावर छापलेले असते. काहींना आठ-दहा इंचांचे अंतर चालते, तर काहींना दोन-तीन इंचांच्या पुढे गेले की भर आतल्या आत सरकून त्याचे गोळे होतात. नक्षी ठरवण्याआधी हा आकडा वाचणे भाग आहे, कारण किती टाके घालावे लागणार हे त्यावरच ठरते.

आई, टाके हाताने घालणार की मशीनवर, असे तू विचारशीलच. मोठ्या गोधडीला मशीन, आणि षटकोनांच्या गोधडीला हात. मशीनला वॉकिंग फूट, म्हणजे वरचे कापडही पुढे ओढणारा दाबपाय, लावला की वरचा आणि खालचा थर बरोबरीने पुढे सरकतो, त्यामुळे सरळ ओळी नीट येतात. हाताच्या कामाला आखूड सुई लागते. या सुयांचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई लहान. ८ पासून १२ पर्यंत मिळतात आणि माझ्या हाताला १० क्रमांकाची बसते. वरच्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान घालून सुई झुलवत तीन-चार टाके एकदम घ्यायचे, आणि खालच्या हाताच्या बोटाला टोक जेमतेम लागले की पुन्हा वर आणायचे. दोऱ्याची गाठ वर दिसू द्यायची नाही. हलकासा झटका दिला की ती कापडातून आत शिरून भरात अडकते, आणि त्या वेळी जो बारीक 'टक्' असा आवाज येतो त्याचे समाधान काही वेगळेच असते. कसलेले हात इंचात आठ-दहा टाके घालतात. माझे तितके बारीक नाहीत आणि त्याची मला खंत नाही. टाके लहान असण्यापेक्षा सारखे असावेत, हे तूच मला शाळेत असताना बटण लावायला शिकवताना सांगितले होतेस.

आता गोट, आणि इथे मला तुझा हात हवा आहे. ६० बाय ८० इंचांच्या गोधडीचा घेर २८० इंच होतो. कोपरे आणि शेवटचा जोड यांसाठी १२ इंच वाढवले की २९२. कापडाच्या पन्ह्यातून ४० इंच वापरता येतात असे धरले तर अडीच इंच रुंदीच्या सरळ कापलेल्या आठ पट्ट्या पुरतात, म्हणजे २० इंच कापड. पट्ट्यांचे जोड तिरके घालायचे, म्हणजे शिवणीची जाडी एकाच जागी साठत नाही. पट्टी लांबीत दुमडून दुहेरी करायची आणि सुलट बाजूने पाव इंच माया धरून मशीनवर शिवायची. कोपऱ्यापाशी पाव इंच आधी थांबायचे, पट्टी वर तिरकी दुमडायची, मग तीच खाली सरळ आणायची आणि पुढे चालू करायचे. असे केले की गोट उलटवल्यावर कोपरा आपोआप देखणा बसतो. गोलाईदार कडेला उरेब, म्हणजे कापडातून तिरकी कापलेली, पट्टीच लागते, सरळ कडेला उभी-आडवी चालते. तरी रोज वापरायच्या गोधडीला मी उरेबच घेतो, कारण सरळ पट्टीची दुमड एकाच धाग्यावर येते आणि झिजते ती आधी तिथेच.

एवढे सगळे मी इकडे करीन. उरते ते गोट मागे वळवून अस्तराला हाताने लपते टाके घालणे. ते तू करावेस अशी माझी इच्छा आहे. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून सुई ओवता येत नाही म्हणून तू शिवण बंद केलेस हे मला ठाऊक आहे, पण या कामात डोळ्यांपेक्षा बोटे जास्त लागतात, कारण दुमडीची कड अंगठ्याला जाणवत राहते. मी सुया ओवूनच पाठवीन, डझनभर एकदम, हातभर दोऱ्याच्या, एका फ्लॅनेलच्या तुकड्यावर ओळीने टोचून. दोरा गोटाच्या रंगापेक्षा किंचित गडद देईन. रोज एक वीत झाले तरी पुरे, आणि मध्येच थांबावेसे वाटले तर गोधडी तशीच मला परत कर, त्यात संकोच करू नकोस.

गोधडी मिळाल्यावर ती घडी घालून कपाटात ठेवली जाणार, हे मी आधीच ओळखून आहे. तसे करू नका. पहिल्यांदा धुताना गार पाणी, सौम्य साबण आणि पाणी भरपूर. गडद लाल आणि निळे रंग सुटण्याची शक्यता असते. ओली गोधडी दोरीवर टांगू नका, कारण पाण्याच्या वजनाने टाके ओढले जातात. सावलीत सपाट पसरून वाळवा. काही महिने ठेवायचीच झाली तर सुती अभ्र्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि अधूनमधून घडी वेगळ्या ठिकाणी मोडा. मागच्या कोपऱ्यात एक छोटी चिठ्ठी शिवलेली असेल. तीवर साल, भराचा प्रकार आणि आपल्या दोघांचीही नावे असतील, आई.

बाबा, आता एक काम तुमच्याकडे. पलंगावरच्या गादीची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही मोजून कळवा. गोधडी बाजूंनी गादीखाली खोचायची की नुसती सोडायची, हेही लिहा, कारण दोन्हींची मापे निराळी होतात. या पत्राला गोटाच्या कापडाचे तीन नमुने टाचले आहेत. आईने ते दिवसाच्या उजेडात पाहावेत, दिव्याखाली नव्हे, आणि जो पसंत असेल तो उलट टपाली पाठवावा. तोवर षटकोनांचे राहिलेले कागद काढून घेतो.

कळावे, लोभ आहेच.

तुमचा
धाकटा