पळी, किल्ल्या आणि १८ जानेवारी

डोंबिवली,
२५ जानेवारी २०२६

प्रिय बाळ्या,

तुझा निरोप वाचला. शिमगा तोंडावर आला आणि पालखीला पहिला खांदा कुठल्या वाडीचा यावरून गावकीची बैठक पुन्हा उधळली म्हणतोस. फोनच करणार होतो, पण सांगायचं बरंच आहे, म्हणून कागद घेतला. मी नुकताच कर्नाटकातल्या उडुपीहून आलोय. ऑफिसातल्या रावांचं ते गाव. ‘एकदा पर्याय बघाच’ म्हणून कधीचे मागे लागले होते, यंदा मत्स्यगंधाचं तिकीटही त्यांनीच काढलं.

पर्याय म्हणजे तिथल्या कृष्णमठातल्या पूजेची पाळी बदलण्याचा सोहळा. मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात तिथे कृष्ण स्थापला आणि पूजा आठ मठांच्या संन्याशांकडे सोपवली : पलिमारु, अदमारु, कृष्णापुर, पुत्तिगे, शिरूर, सोदे, काणियूर, पेजावर. आधी प्रत्येकाला दोन-दोन महिने. दोन महिन्यांत माणूस घडी बसवणार कधी आणि निघणार कधी? १५२२ साली सोदे मठाच्या वादिराजतीर्थांनी ती मुदत दोन वर्षांची केली. म्हणजे एका मठाची पाळी सोळा वर्षांनी. तेव्हापासून हा रहाट चालू आहे. सम वर्ष आलं की १८ जानेवारी, पहाटे. यंदा पुत्तिगे मठाकडून शिरूर मठाकडे. (आपलं घोडनदीचं शिरूर नव्हे रे.)

आदल्या रात्री गावात कुणी झोपत नाही. पाळी घेणारे स्वामी मध्यरात्रीनंतर कापूजवळच्या दंडतीर्थावर स्नान करतात आणि मग गावाच्या वेशीशी जोडुकट्टेला येतात. तिथून मिरवणूक. चंडे म्हणजे तिकडचे ढोल असे वाजतात की छातीत घुमतं. भजनी मंडळं, चित्ररथ, बाकीच्या मठांचे स्वामी, आणि दोन्ही कडेला लेकरं खांद्यावर घेतलेली माणसं. रथबीदीत, म्हणजे मठापुढच्या रथाच्या रस्त्यावर, पोचल्यावर नवे स्वामी आधी ‘कनकन किंडी’तून कृष्णाला बघतात. पश्चिमेच्या भिंतीतली ती खिडकी. संतकवी कनकदासाला खालच्या जातीचा म्हणून आत घेईनात, तेव्हा देव त्याच्याकडे वळला अशी कथा. मग चंद्रमौळीश्वर, अनंतेश्वर ही देवळं, आणि मग मठात.

आत जे होतं ते आपल्याला दिसत नाही. आम्ही बाहेर पडद्यावर बघत होतो, तेही पुढच्याच्या डोक्यावरून. जाणारे स्वामी येणाऱ्यांच्या हाती तीन गोष्टी देतात : अक्षयपात्र, सट्टुग म्हणजे वाढायची पळी, आणि किल्ल्या. पात्र आणि पळी मध्वाचार्यांची म्हणून सांगतात. मग त्यांना सर्वज्ञपीठावर बसवायचं, झालं. मला वाटलं होतं, तलवार-मुकुट असलं काहीतरी भव्य असेल. तर पळी! रावांच्या आईला ते सांगितलं, तर म्हणाल्या, इथला देव अन्नब्रह्म, तिरुपतीचा कांचनब्रह्म आणि तुमच्या पंढरपूरचा नादब्रह्म. आपला विठोबा त्यांच्या हिशेबात आहे हे ऐकून बरं वाटलं.

पण बाळ्या, मला खरा सोहळा दिसला तो मठाच्या सरोवराच्या बाजूला. तिथे लाकडाचा रथ असतो. म्हणजे सरपणच, चुलीत घालायचं, पण एकावर एक असं रचलेलं की लांबून रथच वाटावा. जवळ जाऊन बघितलं. ओंडक्यांची टोकं एका रेषेत, मधून बोट जाणार नाही, आणि वर कळस. दोन वर्षांच्या सैपाकाची बेगमी. पाळी येण्याच्या वर्षभर आधीपासून एकेक मुहूर्त करतात : आधी केळीची रोपं लावायची, मग तांदूळ, मग लाकूड, मग भात (साळ). गावोगावची माणसं तांदूळ, नारळ, भाजी वाजतगाजत आणून देतात, त्याला होरेकाणिके म्हणतात. मट्टू गावची वांगीही येतात, हिरवी, गोल, देठाला काटे. त्यांचं बी वादिराजांनी दिलं म्हणे. त्या वांग्याचं सांबार मी दोनदा मागून घेतलं.

तर सांगायचं हे की मान ज्याचा, कोठीही त्याची. हजारो पानं उठवायची जबाबदारी त्या मठाच्या डोक्यावर. पहिला खांदा म्हणून छाती काढणाऱ्या आपल्या मानकऱ्यांना मांडवाची वर्गणी मागितली की ते कुठे असतात, ते तुला ठाऊक आहेच.

तिथे सगळं गोडीगुलाबीचं आहे असंही नाही. २००८ साली पुत्तिगे स्वामींनी परदेशप्रवास केला म्हणून इतर मठांनी चांगलीच हरकत घेतली होती. आताचे शिरूरचे स्वामी वेदवर्धनतीर्थ विशीच्या आसपासचे. २०२१ मध्ये अल्पवयात संन्यास दिला म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथे ती हरकत टिकली नाही. तो पोरगेला चेहरा पडद्यावर बघताना माझ्याही पोटात कालवलं. आपण त्या वयात एस.टी. स्टँडवर भजी खात होतो. आणि पाळी फिरते ती त्या आठांतच, एकाच समाजातल्या संन्याशांत, हेही मला खटकतंच. खिडकीतून बघणारा कनकदास खिडकीतच राहिला. पण भांडणं झाली, कोर्ट झालं, तरी तारीख हलली नाही. पाळी कुणाची याची चर्चाच नाही, ती आधीच ठरलेली.

म्हणून म्हणतो, वाड्यांची यादी कर. पहिलं नाव कुणाचं ते देवापुढे चिठ्ठी टाकून, गुरवाच्या नातवाच्या हाताने. पुढचा क्रम देवस्थानच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घे. आणि ज्या वाडीची पाळी तिने त्या वर्षीचा मांडव, दिवाबत्ती, नैवेद्य उचलायचा. खालच्या वाडीत सात चुली पेटतात, बाकी कुलपं, त्यांना हे झेपणार नाही हे कळतं. त्यांना घाटीतल्या वाडीशी जोड. वरची वाडी खर्चाचं कलम ऐकून कुरकुर करेल, तेव्हा तात्यांना आधी एकटं गाठून सांग. भर बैठकीत सांगितलंस तर ते उठून जातील, त्यांना उठून जायला फार आवडतं.

बैठकीची तारीख कळव. शनिवार-रविवार असेल तर येतो, पण मला बोलायला उभं करू नकोस. मुंबईकर आले शहाणपण शिकवायला म्हणतील. वहीचा मसुदा मात्र मी लिहून पाठवतो, तू तुझ्या अक्षरात उतरव.

काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
दिग्या