नावं घेऊन बोल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पेपरातली तुझी मुलाखत संस्थेत सगळ्यांनी वाचली. सकाळी दूध घालायला आलेल्यांनी कात्रण हातोहात फिरवलं. ऊर भरून आला. पण 'माझ्या एकट्याच्या जिद्दीवर कारखाना उभा राहिला' हे तुझं वाक्य मला खटकलं, आणि ते तुला कळवल्याशिवाय राहवेना.

माझा जन्म दूध संस्थेच्या सचिवकीत गेला, म्हणून गुजरातमधल्या आणंदचंच सांगतो. अमूल म्हटलं की कुरियन. त्यांचं मोठेपण खरंच आहे, त्यात तसूभरही कमी करायचं कारण नाही. पण ते 1949 मध्ये आणंदला आले तेव्हा खेडा जिल्ह्याचा दूध संघ उभा होता. त्रिभुवनदास पटेलांनी 1946 पासून गावोगाव हिंडून शेतकरी गोळा केले होते. पुढं गाडं अडलं ते हिवाळ्यातल्या जादा दुधावर. म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही, असं परदेशी तज्ज्ञ ठासून सांगायचे. ती करून दाखवली कुरियनांचे सहकारी, दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलायांनी, आणि 1955 मध्ये पावडरचा कारखाना सुरू झाला. 1963 चा मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास, कुरियन आणि मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांना मिळून दिला गेला. दलायांचं नाव त्यात नव्हतं. दारात म्हैस बांधणाऱ्या घराघरावर या माणसाचे उपकार आहेत, पण आपल्या भागात त्यांचं नाव विचारून बघ, कुणाला सांगता येतं ते!

'सगळ्या टीमचं यश' असं मोघमही बोलू नकोस, त्यात कुणाचंच नाव राहत नाही. आमच्याकडं प्रत्येकाच्या दुधाचं फॅट वेगळं लागतं, लिटर वेगळे भरतात आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर जातात. दिवाळीचा फरक, म्हणजे वर्षाअखेरचे जादा पैसेसुद्धा, घातलेल्या दुधावरच निघतात. ते कुणाला मागावे लागत नाहीत.

पहिल्या वर्षी तुझ्या कारखान्याचे पंप गळून परत यायचे, तेव्हा रात्रभर थांबून कास्टिंगमधला दोष फोरमननं शोधला. तूच फोनवर सांगितलं होतंस. बँकेचे हप्ते आणि जीएसटी सूनबाईनं सांभाळलं, तेही दिवस गेलेले असताना. मुलाखतीत दोघांचा उल्लेख नाही.

पुढच्या वेळी नावं घे, कुणी काय केलं तेही सांग. फोरमनचा नफ्यातला वाटा दिवाळीच्या आत कागदावर येऊ दे. सूनबाईचं नाव भागीदारीत घाल. वकिलाचा खर्च मी देईन.

तुझे,
आप्पा